दूरध्वनीची रोजकीर्द

आपल्या संघाच्या या वार्षिक स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्यावेत, अशी आज्ञा संपादक मंडळाकडून झाली, तेव्हा विषय निवडण्यास मला फारसा वेळ लागला नाही. कर, बाजारभाव, पतपुरवठा व तरुणांचे शिक्षण या विषयांवर अधिकारवाणीने लिहिणारे सभासद आपल्यात पुष्कळ आहेत. मी घेतलेला विषय दिसण्यात क्षुल्लक आहे; परंतु त्याने मला एक धडा शिकविला, आणि मला जो महाग पडला तो आपणांस फुकट मिळावा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे. प्रश्न असा की, पेढीवरील टेलिफोन-यंत्रास कॉलच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर जोडावे की नाही; आणि जोडले, तर ते कोणत्या मर्यादेत वापरावे?

आपण व्यापारी लोक नोंदीला किती मान देतो, हे सांगणे नलगे. दिवाळीत आपण वहीची पूजा करतो, तेव्हा वर्षभर जे खरे घडेल तेच येथे लिहू, असे वचनच देत असतो. पैसा आला की रोजकीर्दीत जमा, गेला की नावे. रोजकीर्दीवरून खतावणी आणि खतावणीवरून ताळेबंद. आता वहीची जागा संगणकाने घेतली असली, तरी रीत तीच आहे. असे असता ज्या साधनावर मागणी येते, भाव ठरतो, मुदत मागितली जाते आणि शब्द दिला जातो, त्या टेलिफोनची मात्र बहुतेक पेढ्यांवर काहीच नोंद नसते. महिनाअखेर बिल येते, ते भरले की काम संपले. कोणाचा फोन आला आणि उचललाच गेला नाही, हे बिलात कधी दिसत नाही. आणि व्यापाऱ्याचे खरे नुकसान तर तेथेच होते.

टेलिफोन आपल्याकडे काही कालचा नव्हे. १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत एक्स्चेंजे सुरू झाली. ज्या पिढीने ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहिली, तिला प्रत्येक कॉल लक्षात राहत असे. कारण तो दुर्मिळ होता व महागही होता. १९६० साली कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान ऑपरेटरच्या मध्यस्थीवाचून परगावी थेट फोन लावण्याची सोय झाली. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, आणि तिने आखलेली लहान एक्स्चेंजे देशातील निरनिराळे कारखाने बनवू लागले. पुढे ज्याला आपण ईपीएबीएक्स म्हणतो ते यंत्र साध्या दुकानातही येऊन बसले. बाहेरच्या दोन-चार लाइनी घ्याव्यात आणि आत दहा-बारा फोन फिरवावेत, अशी सोय झाली. कॉल स्वस्त झाला, त्यांची संख्या वाढली, आणि सारे लक्षात ठेवणे माणसाच्या आवाक्याबाहेर गेले.

आता माझी हकीकत सांगतो. माझी पेढी भोपाळच्या साकेत नगरात आहे. १९५६ साली नवा मध्य प्रदेश होऊन भोपाळ राजधानी झाली, तेव्हा नागपुराहून सरकारी कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे येथे आली. त्याच ओघात आमचे घराणेही आले. आमचा व्यवसाय रुग्णालयांना लागणाऱ्या साहित्याचा, म्हणजे पट्ट्या, हातमोजे, सुया, सलाइनच्या नळ्या वगैरेंचा. २०१२ साली साकेत नगरात एम्स सुरू झाले, तेव्हापासून या धंद्याची उलाढाल वाढली आणि स्पर्धाही वाढली.

काही वर्षांपूर्वी शहराबाहेरील एका जुन्या गिऱ्हाइकाने आपली महिन्याची मागणी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे वळविली. मी कारण विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “तुमच्याकडे दुपारी फोन कोणी उचलतच नाही.” आमच्याकडे फोनवर एक तरुण बसत असे. मी त्याला बोलावून जाब विचारला. तो म्हणाला, “शेठजी, मी जागेवरून उठतसुद्धा नाही. जेवणाचा डबाही येथेच खातो.” मला ते खरे वाटले नाही. चार लोकांदेखत मी त्याला बोललो. तो महिनाअखेरपर्यंत राहिला, आणि मग दुसरीकडे काम लागल्याचे सांगून निघून गेला.

त्याच्या जागी दुसरा माणूस आला. पण तक्रारी थांबल्या नाहीत. तेव्हा संगणकाचे शिक्षण घेतलेली माझी पुतणी सुट्टीत घरी आली असता मी तिच्यापुढे हे रडगाणे गाइले. तिने यंत्राच्या मागची बाजू पाहिली आणि विचारले, “काका, या यंत्रातून प्रत्येक कॉलची ओळ बाहेर पडते. ती कोठे जाते?” मी म्हणालो, “कोठेच नाही.” तिने ती ओळ संगणकात आणली. पंधरा दिवसांनी आम्ही दोघे ती यादी घेऊन बसलो. त्यात एकाच प्रकारची नोंद पुनःपुन्हा दिसत होती: वेळ दुपारी दीड ते अडीच, लाइन दुसरी, अंतर्गत क्रमांक माझ्या खोलीचा, घंटा तीस सेकंद, उचलला नाही. असे एकोणीस कॉल निघाले. उलगडा सोपा होता. यंत्र बसविताना, महत्त्वाचे फोन प्रथम मालकाकडे यावेत म्हणून, दुसऱ्या लाइनीवरील कॉल माझ्या टेबलावर वाजावेत अशी योजना मीच करवून घेतली होती आणि विसरून गेलो होतो. मी दुपारी जेवावयास घरी जात असे. खोलीला कुलूप. घंटा आत वाजत राही, आणि त्या बिचाऱ्या तरुणाच्या फोनवर ती पोचतही नसे.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो व झाल्या गोष्टीची क्षमा मागितली. त्याने मला बसविले, चहा दिला. तो परत मात्र आला नाही. गिऱ्हाईक गेले ते पुढे वर्षभराने थोडेफार वळले. माणूस गेला तो गेलाच.

या यंत्राचे काम कसे चालते, हे सभासदांना ठाऊक असावे म्हणून थोडक्यात सांगतो. कॉल संपताच ईपीएबीएक्स एक ओळ तयार करते. तीत तारीख, वेळ, अंतर्गत क्रमांक, बाहेरची लाइन, समोरचा क्रमांक आणि कालावधी असतो. यास त्या विद्येत एसएमडीआर म्हणतात. जुन्या यंत्रांत ही ओळ आरएस-२३२ नावाच्या जोडणीतून तारेने बाहेर येते. पूर्वी तेथे छापयंत्र लावीत व कागदाच्या गुंडाळीवर नोंदी उतरत. नव्या यंत्रांत ती संगणकाच्या जाळ्यावरूनच पाठविता येते. सॉफ्टवेअरचे काम एवढेच की, ओळ झेलावी, तिचे रकाने पाडावेत आणि ती जपून ठेवावी. जुन्या जोडणीत दोन्ही बाजूंचा वेग व मांडणी तंतोतंत जुळावी लागते. शिवाय प्रत्येक कंपनीच्या यंत्राची ओळ निराळ्या धाटणीची असते. म्हणून सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी ते आपल्याच यंत्राच्या प्रकारासाठी तयार आहे काय, हे विचारून घ्यावे व आपल्या पेढीवर चालवून दाखविण्यास सांगावे.

जोडणीनंतर फसगत होते ती बहुधा लहान गोष्टींत. पहिली गोष्ट घड्याळाची. वीज जाऊन आल्यावर कित्येक यंत्रांचे घड्याळ चुकते, आणि चुकलेल्या घड्याळाने लिहिलेली रोजकीर्द ही तारीख नसलेल्या पावतीसारखी निरुपयोगी होय. दुसरी गोष्ट संगणकाची. तो रात्री बंद केला, तर त्या वेळच्या ओळी झेलणार कोण? यंत्राच्या पोटात काही नोंदी साठतात, पण जागा भरली की त्या वाहून जातात. तिसरी गोष्ट अशी की, न उचललेल्या कॉलची नोंद पुष्कळ यंत्रांत आधीपासून चालू नसते, ती सांगून चालू करून घ्यावी लागते; आणि आपल्याला तर नेमकी तीच हवी असते. चौथी गोष्ट, साध्या तांब्याच्या लाइनीवर समोरच्याने फोन केव्हा उचलला, हे यंत्रास कळतेच असे नाही. तसा संकेत लाइनीवर येत नसेल, तर यंत्र काही ठरावीक सेकंदांनंतर बोलणे सुरू झाले असे गृहीत धरते. त्यामुळे न लागलेला कॉलही बोललेला म्हणून लिहिला जाऊ शकतो. पीआरआय अथवा सिप लाइनीवर हा संकेत येतो, व नोंद पुष्कळ अधिक विश्वसनीय होते.

म्हणून माझी सूचना अशी की, जोडणी झाल्याच्या दिवशी स्वतः दहा कॉल करावेत: काही आत, काही बाहेर, काही मुद्दाम न उचलता. ते कागदावर लिहावेत आणि यादीशी ताळा पाहावा. त्यानंतर दर महिन्यास बाहेर गेलेल्या कॉलची यादी कंपनीच्या बिलाशी जुळवावी. या जुळवणीचा आणखी एक लाभ आहे. यंत्राचे परवलीचे शब्द कच्चे असले, तर परके लोक बाहेरून शिरून रात्री-बेरात्री परदेशी कॉल करतात व बिल मालकाच्या माथी येते. पेढीला कुलूप असताना झालेला कॉल यादीत दिसला, की चोर त्याच दिवशी ध्यानात येतो. महिनाभर थांबावे लागत नाही.

नव्या पद्धतीच्या यंत्रांत नोंद अधिक बारीक असते. १९९९ साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर यांनी सुरू केलेले ॲस्टेरिस्क हे विनामूल्य सॉफ्टवेअर आज कित्येक ठिकाणी एक्स्चेंजचे काम करते. ते प्रत्येक कॉलचा एकूण काळ व उचलल्यानंतरचा काळ हे दोन निरनिराळ्या रकान्यांत लिहिते. येणाऱ्या कॉलच्या बाबतीत दुसरा आकडा पहिल्यातून वजा केला, की गिऱ्हाइकाला किती सेकंद ताटकळत ठेवले ते कळते. माझ्या मते मालकाने रोज सकाळी पाहावा असा हाच आकडा होय.

एक उणीव मोकळेपणाने सांगितली पाहिजे. आज निम्म्याहून अधिक बोलणे मोबाइलवर होते, असा माझ्या स्वतःच्या पेढीचा अनुभव आहे; आणि मोबाइलवरील बोलणे या रोजकीर्दीत येत नाही. निम्मी रोकड गल्ल्यात व निम्मी खिशात ठेवणाऱ्याचा ताळेबंद जसा असेल, तशी ही यादी समजावी. यावर उपाय म्हणजे मागणी पेढीच्या क्रमांकावरच घेण्याची शिस्त. ती आधी मालकाने पाळावी, मग नोकरास सांगावी.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. सभासदांशी बोलताना मला दोन मते ऐकू आली. एक मत असे की, आपल्या वडीलधाऱ्यांनी विश्वासावर पेढ्या चालविल्या. नोकराच्या फोनची नोंद ठेवणे हा त्याचा अपमान आहे. दुसरे मत याच्या उलट. त्या मताचे लोक म्हणतात की, नोंदच कशाला, सारे संभाषणच ध्वनिमुद्रित करावे, म्हणजे कोण काय बोलतो ते कळेल. मला ही दोन्ही मते मान्य नाहीत.

पहिल्या मताला माझे उत्तर असे की, आपण मुनीमजींवर पूर्ण विश्वास ठेवतो आणि तरीही रोजकीर्द लिहितो. किंबहुना प्रामाणिक मुनीमजीच ती अधिक काळजीने लिहितात, कारण उद्या शंका आली तर वहीच त्यांची बाजू घेते. माझ्याकडे नोंद असती, तर त्या तरुणाचा शब्द मला पडताळून पाहता आला असता. नोंद नव्हती, म्हणून माझ्या संशयाला आवर घालणारे काही नव्हते.

दुसऱ्या मताबाबत एक जुनी गोष्ट सांगतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करीत असे. एक्स्चेंजवरील ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला. ती प्रतिस्पर्ध्याची पत्नीच होती, असेही सांगतात. त्याने ऑपरेटरच नको अशा स्वयंचलित एक्स्चेंजची कल्पना काढली, १८९१ साली तिचे पेटंट मिळविले, आणि १८९२ साली इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी तसे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. एका व्यापाऱ्याच्या संशयातून जगाला मोठी सोय मिळाली, हे खरे. परंतु स्ट्राउजरने मनुष्याला बाजूला सारले. आपल्याला मनुष्याबरोबरच धंदा करावयाचा आहे. फोनवर बसलेल्या माणसाला प्रत्येक शब्द कोणी ऐकत आहे असे वाटू लागले, तर तो तोंडपाठ वाक्येच बोलेल. अडचणीत सापडलेल्या गिऱ्हाइकाची दोन शब्दांनी विचारपूस करावयासही तो कचरेल.

येथे कायद्यातील एक तत्त्व फार मोलाचे आहे. व्यापारात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वह्या पुराव्यात ग्राह्य असतात. परंतु केवळ तेवढ्या नोंदीवरून कोणाही मनुष्यावर देणे लादता येत नाही, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे ३४ वे कलम सांगत असे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या २८ व्या कलमात हेच तत्त्व कायम आहे. आपल्या वहीतील नोंद ऋणकोवर देणे लादण्यास एकटी पुरत नाही, तर यंत्राने लिहिलेली ओळ आपल्या नोकरास दोषी ठरविण्यास एकटी कशी पुरेल? मागे सांगितल्याप्रमाणे यंत्राचे घड्याळ चुकते, उचलल्याची वेळ चुकते, आणि माझ्यासारख्या मालकाची योजनाही चुकते. ओळ दिसली की प्रथम माणसाला विचारावे, आणि त्याचे उत्तर ऐकून घ्यावे.

ध्वनिमुद्रणाची गोष्ट तर अगदी निराळी आहे. टेलिफोनवरील संभाषण हा माणसाच्या खाजगीपणाचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले, आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्याचा रोख असा की, माहिती कोणत्या कामासाठी घेतली ते स्पष्ट असावे, ती सांभाळावी, आणि काम संपले की ठेवू नये. गिऱ्हाइकाचा क्रमांक हीदेखील त्याची माहितीच आहे. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. कॉलच्या यादीला तशी सक्ती नाही. बिल जुळले, मागणीचा वाद उरला नाही, की तिचे काम संपले. अनावश्यक संग्रह करू नये, ही शिकवण आपल्या घरांतून लहानपणीच मिळते. ती धान्याला व धनाला लागू पडते, तशी या नव्या संचयालाही लागू पडावी.

माझ्या पेढीवर मी चार नियम केले आहेत. नोंद ठेवली जाते हे प्रत्येक नोकरास कामावर घेतानाच सांगतो. ज्याच्या फोनची यादी आहे, त्याला ती केव्हाही पाहता येते, आणि माझ्या टेबलाची यादीही सर्वांस खुली असते. संभाषण मुद्रित करीत नाही. वर्ष पालटले की मागील यादी पुसून टाकतो. यांत आणखी एका गोष्टीची भर घालतो, ती विशेषतः आपल्या भगिनींच्या बाजूने. आपल्यापैकी अनेकांचे घर पेढीच्या वरच्या मजल्यावर असते व घरचा फोन त्याच यंत्रावर असतो. तो क्रमांक नोंदीतून वगळावा. सून माहेरी किती वेळ बोलली, हे पेढीच्या संगणकाने सांगू नये आणि सासऱ्याने पाहू नये. हा वगळा करणे तज्ज्ञास मुळीच अवघड नाही. त्याला सांगण्याची बुद्धी मात्र आपल्याला व्हावी लागते.

आग्र्याचे जैन व्यापारी बनारसीदास यांनी १६४१ साली अर्धकथानक या आत्मचरित्रात स्वतःच्या धंद्यातील तोटे व चुका आडपडदा न ठेवता लिहून ठेवल्या. नफ्याची नोंद सारेच ठेवतात. आपली चूक जिच्यात उतरते तीच खरी वही. मला माझी चूक एका यंत्राच्या यादीत सापडली, आणि ती सापडेपर्यंत एक सालस मुलगा दुरावला होता.

शेवटी संघाच्या चालकांस एक नम्र विनंती करतो. सभासदांपैकी ज्यांच्याकडे अशी यंत्रे आहेत, त्यांच्यासाठी एखाद्या जाणकाराकडून एका दिवसाचे मार्गदर्शन ठेवावे. कोणते यंत्र, कोणती जोडणी, कोणती अडचण, याची टिपणे एकमेकांस द्यावीत. खर्च वाटला जाईल, आणि फसवणूकही टळेल. येत्या दिवाळीत वहीपूजनास बसण्यापूर्वी प्रत्येकाने निदान एवढे करावे: दुपारी दीड वाजता बाहेरून आपल्याच पेढीला फोन लावून पाहावा, आणि तो कोण उचलतो ते ऐकावे.